सगळे नंबर जुळलेली रायफल

आमच्या टीममधला एक सहकारी अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. आमच्या संध्याकाळी साडेसातला तिकडे सकाळ झालेली असते, आणि त्याच वेळी रोजचा कॉल असतो. त्याच्या मागच्या भिंतीवर एक लांबलचक रायफल टांगलेली दिसायची. दीडेक वर्ष मी ती नुसती पाहत होतो. लाकूड लालसर आणि चकचकीत, जुन्या कपाटाला नव्याने पॉलिश मारावं तसं. एका शुक्रवारी कॉल लवकर आटोपला, तेव्हा विचारलंच.

त्याने रायफल खाली उतरवली. बोल्ट मागे ओढून ती रिकामी आहे हे आधी स्वतः पाहिलं, मग मला दाखवलं. सोव्हिएत मोसिन-नागान, मॉडेल १८९१/३०, इझेव्स्कच्या कारखान्यात १९४३ साली बनलेली. कॉलेजात असताना त्याने ती शंभर डॉलरच्या आत घेतली होती. सोबत कापडी पट्टा, काडतुसांसाठी दोन कप्प्यांची पिशवी, तेलाची पत्र्याची डबी आणि साफसफाईच्या अवजारांची पुरचुंडी. एकेक वस्तू टेबलावर मांडत तो अर्धा तास बोलत राहिला. कोडमधला बग सापडल्यावरही तो इतका खूश झालेला मी पाहिलेला नाही.

मग त्याने विचारलं, "तुमच्याकडे अशा कितीला मिळतात?"

मला हसू आलं. माझं गाव भिवंडी. माणकोली, पूर्णा, राहनाळ, दापोडे या पट्ट्यातल्या गोदामांत डायपरपासून ट्रेडमिलपर्यंत काहीही सापडेल, ही वस्तू मात्र नाही. "आमच्याकडे हिला हात लावायचा तर पोलिसात जावं लागतं, नाही तर सैन्यात," मी म्हणालो.

"पण तुमच्याकडची एक माझ्याकडे आहे," असं म्हणत त्याने कपाटातून दुसरी रायफल काढली. आखूड, जाडजूड, पुढून बोथट. इशापूर, १९४२. आपली थ्री नॉट थ्री. मग मुठीतलं एक रिकामं काडतूस कॅमेऱ्यासमोर धरलं. बुडावर इंग्रजीत दोन अक्षरं होती: के आणि एफ. "हे कुठलं, माहीत आहे?" त्याने विचारलं. मला माहीत नव्हतं. त्यानेच सांगितलं: किर्की फॅक्टरी. किर्की म्हणजे आपली पुण्याजवळची खडकी.

भिवंडीहून खडकी तीन-साडेतीन तासांवर आहे. तिथली दारूगोळा फॅक्टरी १८६९ पासूनची, आणि ती दोन अक्षरं मला ओहायोतून कळली. ही गोष्ट डोक्यातून जाईना, म्हणून या दोन्ही रायफलींच्या मागे लागलो.

तीन रेषांची रायफल

रशियन लोक मोसिन-नागानला 'त्र्योखलिनेयका' म्हणतात, म्हणजे तीन रेषांची. रेषा हे तिथलं जुनं माप, इंचाचा दहावा भाग. तीन रेषा म्हणजे ०.३ इंच, आजच्या भाषेत ७.६२ मिलिमीटर. आपल्या थ्री नॉट थ्रीचं नावही नळीच्या व्यासावरूनच पडलं: .३०३ इंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आली. तिच्यामुळे गोळीचा वेग वाढला, लहान गोळी पुरेशी ठरू लागली, आणि युरोपातल्या साऱ्या फौजांनी पाच-दहा वर्षांच्या अंतराने बारीक नळीच्या रायफली घेतल्या. झारची मोसिन आणि राणीची ली-एनफील्ड या एकाच पिढीच्या.

मोसिन हे नाव कॅप्टन सेर्गेई मोसिन या रशियन अधिकाऱ्याचं, नागान हे लिओन नागान या बेल्जियन बंदूक-कारखानदाराचं. १८९१ साली जे मॉडेल मंजूर झालं त्यात दोघांच्याही कल्पना होत्या. श्रेयावरून वाद होते, त्यामुळे झार तिसऱ्या अलेक्झांडरने अधिकृत नावात कोणाचंच नाव ठेवलं नाही. '१८९१ ची तीन रेषांची रायफल' एवढंच कागदावर राहिलं. म्हणजे या रायफलीवरून माणसांची नावं पुसायला जन्मापासूनच सुरुवात झाली होती.

पहिल्या पाच लाख रायफली रशियात बनल्याच नाहीत. त्या फ्रान्समधल्या शातेलरोच्या कारखान्यात बनवून घेतल्या, कारण रशियन कारखान्यांची तयारी पुरी झालेली नव्हती. पहिल्या महायुद्धात पुन्हा तोच प्रश्न आला, तेव्हा अमेरिकेतल्या रेमिंग्टन आणि न्यू इंग्लंड वेस्टिंगहाऊस या कंपन्यांना ऑर्डर दिल्या. १९३० मध्ये रायफल थोडी आखूड झाली, निशाण्याची मापं मीटरमध्ये आली, आणि तिला १८९१/३० म्हणू लागले. १९४१ मध्ये जर्मन फौजा तुला शहराच्या वेशीशी येऊन भिडल्यावर तिथल्या कारखान्यातली यंत्रं पूर्वेकडे हलवावी लागली. मुख्य भार उरल परिसरातल्या इझेव्स्कवर पडला. १९४२-४३ च्या रायफलींच्या पोलादावर लेथच्या खुणा उघड दिसतात. घासून गुळगुळीत करायला कुणाला वेळ नव्हता. सर्व देश आणि सर्व काळ मिळून अशा साधारण ३ कोटी ७० लाख रायफली बनल्या असा अंदाज दिला जातो.

ते काडतूस तर अजूनही निवृत्त झालेलं नाही. आपल्या लष्करातल्या द्रागुनोव्ह रायफली आणि टी-७२ रणगाड्यावरची तोफेलगतची मशीनगन १८९१ च्या त्याच जातीचं ७.६२ बाय ५४ काडतूस वापरतात.

दुरुस्ती म्हणजे काय करायचे

युद्ध संपलं आणि काही वर्षांतच सोव्हिएत सैन्याकडे एसकेएस आणि कलाश्निकोव्ह आल्या. लाखो मोसिन एकदम जुन्या झाल्या. पण जे राष्ट्र १९४१ मध्ये रायफलींअभावी हवालदिल झालं होतं ते एकही रायफल फेकणार नव्हतं. त्या शस्त्रागारांत परत आणल्या गेल्या आणि तिथे त्यांची पद्धतशीर दुरुस्ती झाली.

पद्धत अशी. रायफल पूर्ण सुटी करायची. बोल्ट एका ढिगात, नळ्या दुसऱ्या, लाकडं तिसऱ्या. नळीची तपासणी व्हायची, झिजलेली बाद. लाकूड फुटलं असेल तर तेवढा तुकडा कापून तिथे नवा बसवायचा. हे काम इतकं सफाईदार असतं की त्या ठिगळासाठी संग्राहक जास्त पैसे मोजतात. पोलादाला पुन्हा काळा रंग चढायचा, लाकडावर शेलॅकचा हात फिरायचा. तो लालसर चकचकाट याचाच. शेलॅक म्हणजे लाख, आणि लाखेच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर.

मग जुळणी. या बोल्टची मूळ नळी कोणती, हे कोणी शोधत बसायचं नाही. जो बोल्ट नीट बसेल तो घ्यायचा. नळीवरचा नंबर हा रायफलीचा नंबर. बाकीच्या सुट्या भागांवर, म्हणजे बोल्ट, मॅगझीनचं झाकण आणि बटाच्या टोकाची पट्टी यांवर, आधी जो नंबर असेल तो घासून टाकायचा किंवा त्यावर एक रेघ मारायची, आणि शेजारी नळीचा नंबर ठोकायचा किंवा विजेच्या लेखणीने कोरायचा. संगीनीचंही तेच. शेवटी नळीच्या मागच्या भागावर शिक्का: बहुधा एक छोटा चौकोन आणि त्यात तिरकी रेघ. मग ग्रीस थापायचं आणि लाकडी पेटीत वीस-वीस भरून कोठारात रवाना.

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये फुटल्यावर रशिया आणि युक्रेनमधल्या या पेट्या विक्रीला निघाल्या. सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका. तिथेही रस्ता सरळ नव्हता. १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली ती टपालाने मागवलेल्या, इटालियन सैन्याने मोडीत काढलेल्या रायफलीने. त्यानंतर १९६८ च्या कायद्याने परदेशी लष्करी जुन्या बंदुकांची आयात बंद केली. १९८० च्या दशकात 'कुतूहलाच्या किंवा स्मृतीच्या वस्तू' या वर्गातल्या, म्हणजे पन्नास वर्षांहून जुन्या बंदुकांसाठी दार किलकिलं झालं, आणि त्या फटीतून मोसिनच्या पेट्या आत आल्या. आयातदाराने नळीवर आपलं नाव कोरायचं, असा नियम आहे. म्हणजे आणखी एक शिक्का.

तेलाच्या डबीतले दोन कप्पे

सहकाऱ्याच्या टेबलावरच्या वस्तूंमध्ये मला सर्वांत आवडली ती तेलाची डबी. तिच्यात दोन कप्पे, दोन झाकणं आणि दोन रशियन अक्षरं आहेत. एक 'श्चोलच'चं, म्हणजे अल्कलीचं. दुसरं 'नेफ्त'चं, म्हणजे तेलाचं. तेल कळतं, पण अल्कली कशाला?

त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं. ते मिठाच्या जातीचं, हवेतलं पाणी ओढून घेतं आणि एका रात्रीत नळी गंजायला लागते. नुसतं तेल लावून हे मीठ निघत नाही, ते पाण्यात विरघळतं. म्हणून आधी अल्कलीच्या पाण्याने पुसायचं, नंतर तेल. ब्रिटिश फौजेत याच कारणासाठी नळीत उकळतं पाणी ओतायचे. खडकीच्या जुन्या काडतुसांनाही हेच लागू आहे. के एफ शिक्क्याची काडतुसं झाडली की त्याच दिवशी नळी धुवायची, हे ओहायोतला माणूस आपण चहाची गाळणी धुतो तितक्या सवयीने करतो.

पुरचुंडीत एक चपटी पट्टी असते, स्क्रू-ड्रायव्हरचं काम करणारी. तिला दोन खाचा, ७५ आणि ९५ आकड्यांच्या. बोल्टमधून टाचणी किती बाहेर आली हे त्या खाचांनी मोजायचं: कमी आली तर काडतूस फुटणार नाही, जास्त आली तर टोपीला भोक पडेल. ज्या शिपायाला लिहिता-वाचता येत नाही त्यालाही अंधारात वापरता येईल असं हे माप आहे. इंजिनिअर म्हणून मी त्यावर बेहद्द खूश आहे.

पण या मूळ साहित्याची एक मेख आहे. पट्टा, पिशवी, डबी, अवजारं हा संच रायफलीसोबत विकला गेला, म्हणून तो त्या रायफलीचा असं होत नाही. दुरुस्तीच्या शस्त्रागारातून किंवा पुढे विक्रेत्याच्या गोदामातून, जे ढिगात वर होतं ते उचलून दिलेलं असतं. पट्टा १९५० चा, डबी आणखी कुठली. स्टालिनग्राडमध्ये कुणाच्या खांद्यावर नेमका हा पट्टा होता, अशी गोष्ट सांगणारा विक्रेता थाप मारतोय हे समजावं. आणि मागणी वाढली की नकलाही येतात: नवे शिक्के मारलेल्या जुन्या वस्तू, नव्यानेच 'जुळवलेले' नंबर. सच्च्या संग्राहकाचा निम्मा वेळ काय मूळ आहे हे शोधण्यापेक्षा, काय नंतरचं आहे हे ओळखण्यात जातो.

बाबांचं मत

हे सगळं मी घरी जेवताना बोलत होतो. बाबा चाळीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यांत जॉबर होते. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. मागावर काम करणाऱ्याने हाक मारली की पाना घेऊन धावायचं, धोटा का उडतोय, पिकर का तुटतोय ते शोधायचं. त्यांना रायफलीत काडीचा रस नाही. पण सुट्या भागांच्या ढिगाची गोष्ट निघाली तशी त्यांनी भाकरी ताटात ठेवली.

"अरे, मग आमचे माग काय होते?" ते म्हणाले.

मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग भिवंडीत येत. १९८२ च्या संपानंतर तर ओघच लागला. ट्रकमधून उतरायचं ते भंगार म्हणून, वजनावर. साईड फ्रेमवर कुठल्याशा विलायती कंपनीचं नाव ओतीव अक्षरांत, आणि आतली चक्री दुसऱ्याच मागाची, क्रँक तिसऱ्याचा, पिकिंग स्टिक इथल्याच सुताराची. चार बाद मागांमधून तीन चालू माग उभे करायचे, हे जॉबरचं कसब. "ज्या मागाचे सगळे पार्ट एकाच नंबरचे, तो माग कधी चाललाच नाही असं समज," बाबा म्हणाले. "नाही तर म्युझियमसाठी कुणीतरी जुळवलाय."

संग्राहकांच्या जगात सगळे मूळ नंबर जुळणाऱ्या मोसिनला जास्त भाव आहे, आणि दुरुस्त केलेली मोसिन दुय्यम. बाबांचं वाक्य ऐकल्यावर हे मला उलटं वाटू लागलं. जी रायफल आघाडीवर गेली, जिचा बोल्ट हरवला, लाकूड फुटलं, ती दुरुस्त होणारच. घासलेला नंबर आणि त्याशेजारी कोरलेला दुसरा नंबर हाच तिचा खरा इतिहास आहे. दुरुस्ती करणाऱ्याला तो पुसायचा होता, पण घाईत तो पूर्ण पुसला गेला नाही. रेघेखालचा जुना आकडा आजही बोटाला लागतो. तो बोल्ट आधी कुठल्या नळीला होता आणि ती नळी आता का नाही, याचा विचार केला की पुढचं सगळं आपोआप समोर येतं.

आपली थ्री नॉट थ्री

आता दुसऱ्या रायफलीकडे. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ली-एनफील्ड बनवल्या. दोन्ही महायुद्धांत आपले शिपाई त्या घेऊन लढले. १९६२ मध्ये चीनसमोरही हातात याच होत्या. त्याच सुमारास इशापूरने तोच साचा नाटोच्या ७.६२ काडतुसासाठी बदलून नवी रायफल काढली, आणि पुढे सैन्यात स्वयंभरण एसएलआर आल्या. मग थ्री नॉट थ्री पोलिसांकडे, गृहरक्षकांकडे, बँकेच्या दारातल्या शिपायांकडे उतरल्या.

आपल्याकडेही दुरुस्ती सोव्हिएतांसारखीच झाली. इंग्लंडमध्ये त्यासाठी 'कारखान्यातली संपूर्ण दुरुस्ती' या शब्दांच्या आद्याक्षरांचा शिक्का होता. इशापूरच्या रायफलींवरही दुरुस्तीच्या खुणा आणि साल सापडतं. उष्ण, दमट हवेत लाकूड फाटू नये म्हणून पुढच्या लाकडातून एक आडवा स्क्रू बसवलेला असतो. जगभरचे संग्राहक त्याला 'इशापूर स्क्रू' म्हणूनच ओळखतात.

एक दुरुस्ती मात्र खास वसाहतीची होती. झिजलेल्या काही थ्री नॉट थ्रींची नळी रुंद करून त्या .४१० च्या एकबारी मस्केट केल्या गेल्या. मॅगझीनमध्ये लाकडाचा ठोकळा, म्हणजे एका वेळी एकच गोळी. या पोलिसांना आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना द्यायच्या. हेतू सरळ होता: उद्या हा शिपाई उलटला किंवा बंदूक पळवली गेली, तर सैन्याची काडतुसं तिच्यात चालू नयेत. ज्याच्या हातात बंदूक द्यायची त्याच्यावरचा अविश्वासही तिच्यातच जोडून दिला होता.

नागरिकांबाबत तर नियम त्याहून कडक. १८७८ चा शस्त्र कायदा गेला, १९५९ चा आला, पण .३०३, ७.६२ आणि .४१० मस्केट ही मापं 'निषिद्ध बोअर'मध्येच राहिली. म्हणूनच इशापूर नागरिकांसाठी .३१५ ची शिकारी रायफल बनवते. घडण ली-एनफील्डचीच, माप वेगळं, म्हणजे सरकारी काडतूस तिच्यात जाणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला ठेवता येणारी शस्त्रं तीनवरून दोनवर आणली. कायद्याच्या ४५ व्या कलमात जुनाट घडणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट आहे, पण अट अशी की दुरुस्त करूनही त्यांतून गोळी सुटता कामा नये. लष्करी जुन्या रायफली जमवण्याचा छंद आपल्याकडे या चौकटीत बसतच नाही.

आणि मी या चौकटीच्या विरोधात नाही. ओहायोतल्या सहकाऱ्याची मुलगी दुसरीत आहे. शाळेत गोळीबार झाला तर बाकाखाली कसं लपायचं, आवाज न करता किती वेळ बसायचं, याचा सराव तिच्याकडून करून घेतात. हे त्याने रायफल दाखवली त्याच खुर्चीत बसून मला सांगितलं. शिवाय 'जुनी' हा शब्द बंदुकीच्या बाबतीत फसवा आहे. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धात दोनेत्स्कच्या बाजूने सक्तीने भरती केलेल्या माणसांच्या हातांत हीच मोसिन दिसली, आणि तशी छायाचित्रं जगभर फिरली. शंभर डॉलरची शोभेची वस्तू एका हुकमाने पुन्हा रायफल होते.

दोन रंगांचं लाकूड

भिवंडीत रायफलीची आठवण छंदाची नाही. मे १९७० ची दंगल आजीच्या वयाच्या सगळ्यांना आठवायची. न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल त्याच दंगलीवरचा. मे १९८४ ची बाबांना आठवते. ते तेव्हा सतरा वर्षांचे होते आणि एका कारखान्यात हेल्पर होते. कर्फ्यू लागला. आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर एक पोलीस शिपाई बसायला आला. परगावचा, बंदोबस्तासाठी आणलेला, उन्हाने काळवंडलेला. आजीने दार थोडंसं उघडून त्याला पाण्याचा तांब्या दिला. तो "माई, जरा चहा मिळेल का?" म्हणाला, तेव्हा घरात दूध नव्हतं म्हणून तिने कोरा चहा दिला. त्याने रायफल आडवी मांडीवर ठेवली आणि चहा प्यायला.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्या दिवशी जेवताना मात्र बाबांनी तिच्यात एक वाक्य नव्याने घातलं. "त्याच्या बंदुकीचं लाकूड दोन रंगांचं होतं. मागचं काळपट, पुढचं पिवळट. मला तेव्हाच वाटलं, हीपण आपल्या मागासारखी जोडलेली आहे."

मी तोंडातला घास गिळायचा विसरलो. मोसिनचं लाकूड एकसंध असतं, पण ली-एनफील्डचा बट आणि पुढचं लाकूड असे वेगवेगळे तुकडे असतात. मागचा बदलला आणि पुढचा राहिला, की रंग वेगळे दिसणारच. सतरा वर्षांच्या हेल्परने फटीतून, भीतीने पोटात गोळा आलेला असताना, ती दुरुस्ती ओळखली होती. त्या शिपायाच्या आधी ती रायफल कुणाकुणाच्या हातात होती, तिचा मूळ बट कुठे तुटला, हे तिच्यावर कुठेतरी लिहिलेलं असणार. वाचायला कोणी नव्हतं.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तीच जात आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे पोलिसांच्या हातांत थ्री नॉट थ्री आणि काठ्या होत्या, समोर एके-४७. आरपीएफचे जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याची रायफल घेऊन गोळी झाडली, आणि हाताशी आलेली प्लास्टिकची खुर्चीही फेकली. त्यानंतर पोलिसांची शस्त्रं बदलण्याला वेग आला. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात थ्री नॉट थ्रीला जाहीर निरोप दिला.

निरोपानंतर अशी शस्त्रं मोडीत निघतात, आणि वितळवलेल्या पोलादावर शिक्का उरत नाही. माझा आग्रह त्या घरात टांगता याव्यात असा नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: भट्टीत टाकण्याआधी एक माणूस, एक टॉर्च आणि एक वही हवी. नळीवरचं साल, दुरुस्तीचा शिक्का, खोडलेला नंबर, बटावर रंगवलेला पोलीस ठाण्याचा आकडा हे उतरवून घ्यावं. शंभरातली एक रायफल, नळीला भोक पाडून निकामी केलेली, जिल्ह्याच्या संग्रहालयात ठेवावी. आणि तिच्याखालच्या पाटीवर 'ब्रिटिशकालीन बंदूक' एवढंच न लिहिता ती कुठे बनली, कधी दुरुस्त झाली, कोणत्या ठाण्यात होती हे लिहावं. आपल्या संग्रहालयांत तलवारींच्या मुठींवरच्या नक्षीबद्दल आपण बारकाईने लिहितो. गेल्या शंभर वर्षांत सामान्य माणसाने समोरून पाहिलेलं शस्त्र तलवार नव्हतं.

कॉलेजात एनसीसीत असताना आम्हाला .२२ ची रायफल साफ करायला देत. दोरीच्या टोकाला फडक्याचा तुकडा अडकवायचा आणि नळीतून ओढायचा. दोरीला म्हणायचे पुलथ्रू, तुकड्याला चिंदी. भिवंडीत चिंदी म्हणजे कारखान्यातून निघणारा कापडाचा उरलासुरला माल, किलोवर विकला जाणारा. तेव्हा मला त्या शब्दाची गंमत वाटायची. नळीतून बाहेर आलेली चिंदी काळी असेल तर हवालदार पुन्हा ओढायला लावायचे, पांढरी येईपर्यंत.

मागच्या आठवड्यात सहकाऱ्याला विचारलं, तुझ्या इशापूरच्या लाकडाचा रंग कसा आहे? त्याने उजेडात धरून फोटो पाठवला. बट गडद, पुढचं फिकट. मी तो बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"ही ती नसेल," ते म्हणाले.

"नसेलच," मी म्हणालो.

त्यांनी फोन परत दिला, मग पुन्हा मागितला. "नंबर कुठे असतो म्हणालास?"